दंडाची लोंबणारी कातडी काढायची शस्त्रक्रिया: सोलापूरकडच्या कुणी केली आहे का?

कटिंगवाली, सोलापूर

नमस्कार. वय 44. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग टेबल बघते, घरी ब्लाउज शिवते. माझं वजन 112 किलोपर्यंत गेलं होतं. साखर, बीपी, गुडघे, सगळंच मागं लागलं, तेव्हा पुण्याला जाऊन स्लीव्ह, म्हणजे पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घेतली. आता 68 किलो आहे आणि वर्षभर काटा तिथंच थांबलाय. साखरेची गोळी सुटली. त्या निर्णयाबद्दल मनात काहीच किंतु नाही.

प्रश्न दंडांचा आहे. हात आडवा केला की काखेपासून कोपरापर्यंत कातडी चार बोटं खाली लोंबते. पोटाची कातडीही सैल आहे, पण ती साडीत जाते, तिचं मला फारसं काही वाटत नाही. दंडाचं मात्र दिवसभर जाणवतं. कापडाचे थर लावून कटर चालवताना हात पुढं-मागं होतो आणि ती कातडी टेबलाच्या कडेला घासत राहते. एप्रिल-मेमध्ये इकडं पारा 42-43 वर जातो, आमच्या शेडला वर पत्रा. काखेजवळ आणि दंडाच्या आतल्या बाजूला घाम साचतो, लाल होतं, चिरा पडतात. स्किनच्या डॉक्टरांनी बुरशीवरचं मलम दिलं. लावलं की जातं, पुढच्या उन्हाळ्यात परत हजर.

आणि ब्लाउज. गावातल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते, माझा स्वतःचा मला नीट बसवता येत नाही. दंडघेर कातडीच्या मापानं घेतला तर बाहीची मोहरी, म्हणजे खालची कड, सैल राहते आणि मुंढ्यात, बाही जोडतात तिथं, चुण्या येतात. मोहरी बेताची घेतली तर कातडी दाबली जाऊन कडेनं बाहेर फुगते, संध्याकाळी काढला की वळ उठलेले असतात.

व्यायाम करा असं कृपया लिहू नका. डंबेल घेऊन मन लावून केलाय. आतला दंड घट्ट झाला, हाताला ताकद आली, कातडी होती तिथंच आहे.

सासूबाई म्हणतात, जीव वाचला, साखर गेली, आता कातडीसाठी कशाला परत सुरीखाली जायचं. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्या काळजीनंच बोलतात. नवरा म्हणतो तुझं तू ठरव, पैशाचं आपण बघू. मला ठरवायचं आहे म्हणूनच विचारते.

व्रण किती मोठा राहतो? तो कुठं येतो? कापड कमी करायचं तर शिवण कुठंतरी येणारच हे मला कळतं, पण ती कुठं पडते यावर सगळं अवलंबून असतं हेही मला माझ्या धंद्यामुळं कळतं. काम किती दिवस बंद ठेवावं लागेल? मेडिक्लेममध्ये बसतं का? सोलापुरात करावं की पुण्याला, हैदराबादला? ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी लिहा.

निवृत्त सिस्टर

ताई, माझी सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात झाली, सोलापुरातच. व्यायामाबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. कातडी वर्षानुवर्षं ताणलेली राहिली की तिच्यातले लवचीक तंतू तुटतात. खालचा स्नायू वाढवता येतो, ते तंतू परत येत नाहीत. कुठलंही तेल, क्रीम, पट्टा यानं चार बोटं लोंबणारी कातडी वर जाणार नाही. त्यात पैसे घालू नका.

माझं सांगणं शस्त्रक्रियेच्या आधीच्या तयारीबद्दल आहे, कारण जखमा का उकलतात ते मी खूप वर्षं बघितलंय. स्लीव्ह झालेल्या माणसाचं पोट लहान असतं. लोह, बी12, डी आणि मुख्य म्हणजे प्रथिनं कमी पडतात, आणि प्रथिनं कमी असतील तर टाके धरत नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), आणि साखर आता नॉर्मल असली तरी एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), एवढं आधी करून घ्या. कमी निघालं तर दोन-तीन महिने भरून काढा आणि मगच तारीख घ्या. अंडी चालत असतील तर अंडी, नाहीतर मूग, मटकी, डाळ, पनीर, दही. नुसत्या शेंगाचटणी-भाकरीवर भागणार नाही.

दुसरं, तुम्ही घासत नसाल तर सोडून द्या, पण आपल्याकडं मिशरी घासणाऱ्या बायका फार, आणि डॉक्टरांनी सिगारेट, तंबाखू विचारलं की त्या नाही म्हणतात. मिशरी म्हणजे तंबाखूच. निकोटिननं कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि टाक्याच्या कडा काळ्या पडतात. शस्त्रक्रियेआधी निदान महिनाभर आणि नंतरही महिनाभर पूर्ण बंद. रक्त पातळ करायच्या गोळ्या, ॲस्पिरिन, कुणी दिलेले काढे, सगळं भूलतज्ज्ञाला सांगायचं.

डॉक्टर बघताना पाटीवर जाऊ नका. कॉस्मेटिक सर्जन असं कुणीही लिहितं. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पुढची पदवी झालीय का ते विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव बघा. विचारल्यावर राग आला तर तिथून उठा. आणि शस्त्रक्रिया भूलतज्ज्ञ आणि रात्री डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलात व्हायला हवी, क्लिनिकच्या मागच्या खोलीत नाही.

गणिताच्या बाई, बार्शी

अक्का, माझी दोन्ही दंडांची झाली आहे, पुण्यात. दोन वर्षं होत आली. माझं वजन शस्त्रक्रियेशिवाय उतरलं, पण दंडांची अवस्था तुम्ही लिहिलीत तीच होती. मी दिवसभर फळ्यावर लिहिते. हात वर गेला की पाठीमागून पोरं काय बघत असतील हा विचार मला गणित सांगताना यायचा, आणि तो विचार घेऊन शिकवणं मला नको होतं. म्हणून केली. घासणं, पुरळ हे माझ्याकडं कमी होतं. तुमच्याकडं ते कारणही आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मला हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरून कोपरात वाकवायला लावला आणि चिमटीत धरून कातडी किती, चरबी किती ते बघितलं. हे महत्त्वाचं आहे. कातडी चांगली असेल आणि चरबीच जास्त असेल तर नुसत्या लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढून, भागतं. कातडी रिकामी झालेली असेल तर चरबी ओढल्यावर ती आणखी लोंबते. एका ठिकाणी मला टाक्याशिवाय नुसती चरबी काढून देतो असं सांगितलं होतं, दर कमी होता. तिथं मी पुन्हा गेले नाही. काखेतच लपणारा छोटा व्रणही असतो, पण तो काखेजवळ थोडीच सैल कातडी असलेल्यांसाठी. कोपरापर्यंत लोंबत असेल तर व्रण काखेपासून कोपरापर्यंत येणार. हे तुम्हाला पटत असेल तरच पुढं जा, कारण ही शस्त्रक्रिया म्हणजे मुळात कातडी देऊन व्रण घेणं आहे.

शिवण कुठं पडते याचं उत्तर: दोन जागा असतात. एक दंडाच्या आतल्या बाजूनं, हात खाली सोडला की अंगाला लागते तिथं. ती समोरून किंवा मागून दिसत नाही, हात वर केला की दिसते. दुसरी मागच्या बाजूनं, ती स्वतःला दिसत नाही, मागं उभ्या असलेल्याला दिसते. डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. मी आतली घेतली. फळ्याकडं तोंड असताना पोरांना दिसू नये हा माझा हिशोब, आणि बाही कोपराच्या वर दोन बोटं ठेवली की हात वर केला तरी झाकली जाते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मला उभं करून हात वर धरायला लावून पेनानं खुणा केल्या. मग पूर्ण भूल. अडीच-तीन तास लागले. जागी झाले तेव्हा दोन्ही हात उशांवर उंच ठेवलेले, पट्ट्या बांधलेल्या, एका बाजूला पाणी निघायची बारीक नळी. ती लवकर काढली. दुखणं गोळ्यांत भागलं, ताण मात्र फार जाणवतो, हात सरळ करताना आतून ओढ बसते. संध्याकाळीच मला चालवलं, पायात रक्त गोठू नये म्हणून.

बांगड्यांचं आधीच ठरवा. हात सुजतात, बोटंसुद्धा. काचेच्या, पाटल्या, अंगठी, सगळं आदल्या दिवशी उतरवायला लागतं आणि सूज जाईपर्यंत परत घालता येत नाही. माझ्या आईला मोकळे हात बघून फार वाईट वाटलं. आम्ही तिला आधी सांगायला हवं होतं असं माझी बहीण म्हणाली, ते खरं आहे. तुमच्या सासूबाईंना आधी सांगा, वैद्यकीय कारण आहे म्हणून सांगा, कळेल त्यांना.

पहिले दोन आठवडे वेणी घालता येत नाही, पदर खांद्यावर टाकता येत नाही, डोक्यावरून काही चढवता येत नाही. पुढून उघडे गाउन तीन-चार घेऊन ठेवा. तुम्ही शिवालच. बाही पूर्ण ढगळ, मुंढा खोल, पट्ट्यांवरून गेली पाहिजे. झोप पाठीवर, हात उशीवर. साधारण महिना-सव्वा महिना दाबाच्या बाह्या घालाव्या लागतात, आंघोळीपुरत्या काढायच्या. अक्का, त्या बाह्या सोलापूरच्या उन्हाळ्यात घालणं अशक्य आहे. दिवाळीनंतर करा. मी नोव्हेंबरात केली म्हणून निभावलं.

जड उचलणं दीड महिना बंद. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्या दिवशी घागरी-बादल्या भरायला दुसरं माणूस पाहिजेच. माझी चुलत बहीण जुळे सोलापुरात राहते, तिच्याकडं पाण्याच्या दिवशी काय होतं ते मला माहीत आहे. भावनेच्या भरात उचललं की टाका गेला.

काय बिघडू शकतं तेही लिहिते, कारण मला हे कुणी एकत्र सांगितलं नव्हतं. काखेजवळ टाके थोडे उकलणं बरंच होतं, माझंही डाव्या काखेत नखाएवढं उकललं. ड्रेसिंग करत करत ते आतून भरून आलं, परत टाके लागले नाहीत. पाणी साचतं, ते कधी सुईनं काढतात. कोपराखाली आतल्या बाजूला बधिरपणा येतो, तिथली कातडीची नस शिवणीच्या जागेजवळून जाते. माझा उजव्या हाताचा गेला, डाव्या हाताला रुपयाएवढ्या जागी अजून आहे. सवय झाली. फार क्वचित हात कायमचा सुजतो. कुणाच्या काखेतल्या गाठी कॅन्सरसाठी काढल्या असतील तर त्यांनी या वाटेला जाण्याआधी त्या डॉक्टरांशी बोललंच पाहिजे.

व्रण पहिले चार-पाच महिने लाल आणि जाड होता. त्या काळात मी आरशात बघून रडले आहे. सिलिकॉनची जेल लावली, टाके पूर्ण भरल्यावर बोटानं मालिश केलं, ऊन लागू दिलं नाही. वर्षानंतर तो बसायला लागला. आता रेघ आहे, कातडीपेक्षा थोडी गडद. जाणार नाही, आणि मला चालते.

पैसे: हॉस्पिटल, भूल, बाह्या, औषधं सगळं धरून माझे पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. आजारावरच्या उपचाराला जीएसटी नसतो, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला असतो. आकडा विचारताना तो धरून विचारा. मेडिक्लेममध्ये माझं बसलं नाही. आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, सगळ्या कंपन्यांना वगळायच्या गोष्टींची जी ठरावीक भाषा दिली आहे तिच्यात कॉस्मेटिक सर्जरी आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती सुटते, आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर सुटते. पुरळ येणं त्यात बसवणं अवघड आहे, पण तुमच्या स्किनच्या डॉक्टरांचे कागद, फोटो, तारखा जपून ठेवा आणि कंपनीला आधी लेखी विचारा. त्या भरवशावर तारीख मात्र घेऊ नका.

होटगी रोड

मी 58 वर्षांची. माझी दंडांची तीच तक्रार, मी दोन सर्जनना दाखवलं आणि नाही म्हणून ठरवलं. कारण लिहिते, तुम्हाला उपयोगी पडेल. माझ्या कानाच्या पाळीला टोचल्यानंतर गाठ झाली होती, ती काढली तर आणखी मोठी झाली. दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे लहानपणी देतात त्या क्षयाच्या लसीचा, व्रणही उंच, खाजणारा आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी तो बोटानं दाबून बघितला आणि म्हणाले, तुमच्या कातडीला व्रण वाढवायची सवय आहे, मी एवढी लांब रेघ मारली तर तीही अशीच वाढू शकते. त्यांनी पैसे मिळत असताना मला परत पाठवलं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

आता मी कोपरापर्यंत बाही घेते, आत मऊ मलमलचं अस्तर. उन्हाळ्यात दुपारी एकदा दंड धुऊन पूर्ण कोरडे करते, ओल्यावर पावडर टाकत नाही, तिचे गोळे होऊन जास्त घासतं. पुरळ बंद आहे. तुमच्या डाव्या दंडावरचा लसीचा व्रण एकदा नीट बघा. सपाट असेल तर एक चिंता कमी.

कटिंगवाली, सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. लसीचा व्रण आताच बघितला, सपाट आहे, बोटाला लागतही नाही. कानाला काही नाही. मिशरी नाही. रक्ताच्या तपासण्या या आठवड्यात करते.

आमचा सीझन फेब्रुवारी ते जून, शाळा सुरू होईपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीनंतर काम उतरतं, तेव्हा सुट्टी मागता येईल. मालकांना खरं कारण सांगणार आहे.

बार्शीच्या बाई, दोनच गोष्टी. कटरचं मशीन मी दोन्ही हातांनी दाबून पुढं ढकलते, सगळा जोर दंडावर आणि खांद्यावर येतो. असं काम परत कधी करता येईल? आणि आतल्या बाजूची शिवण माझ्या बाबतीत टेबलाच्या कडेला लागेल का?

गणिताच्या बाई, बार्शी

मी तीन आठवड्यांनी शाळेत गेले, पण बसून शिकवलं, फळ्यावर एक मुलगी लिहायची. खांद्याच्या वर हात न्यायला सहा आठवड्यांनी परवानगी मिळाली. तुमचं काम जोराचं आहे, दोन महिने धरून चाला आणि सुरुवातीला मशीनऐवजी मार्किंग करा, खडू हातात घ्यायला हरकत नसते. हात आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्टनं मला आधी कोपर, मग खांदा असे हळूहळू हलवायला शिकवलं. ते चुकवू नका, घाबरून हात अंगाशी धरून बसलं की खांदा धरतो.

शिवणीचं मला सांगता येणार नाही, पण तुम्ही डॉक्टरांकडं जाताना टेबलाची उंची मोजून न्या आणि त्यांच्यासमोर उभं राहून कटर कसा ढकलता ते करून दाखवा. कातडी नेमकी कुठं घासते तिथं पेनानं खूण करून घ्या. खुणा करायच्या सकाळी हे सांगत बसायला वेळ नसतो.

जाताना आम्ही कुर्डुवाडीहून हुतात्मा एक्सप्रेस धरली. येताना गाडी केली, कारण डब्यात कुणाचा धक्का दंडाला बसला तर काय ही भीती. पहिलं ड्रेसिंग होईपर्यंत, आठवडाभर, पुण्यातच नातेवाइकांकडं थांबले.

निवृत्त सिस्टर

याच्यावरच एक राहिलं. पुण्याला किंवा हैदराबादला करणार असाल तर तारीख घेण्याआधी सर्जनना विचारा: घरी गेल्यावर रात्री जखम उकलली, रक्त आलं, तर सोलापुरात मी कुणाकडं जाऊ? त्यांनी इथल्या एखाद्या सर्जनशी बोलून ठेवलं पाहिजे, आणि डिस्चार्जच्या कागदावर काय केलं, किती टाके, कुठलं औषध हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. परक्या डॉक्टरांच्या हातातली जखम कुणी आनंदानं घेत नाही, हा माझा वॉर्डातला अनुभव आहे. इथेच कुणी नीट शिकलेला प्लास्टिक सर्जन मिळाला आणि त्यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या असतील, आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, तर मी तरी सोलापूरलाच पसंती देईन. ड्रेसिंगला रिक्षानं जाता येतं.

एकच हात अचानक फुगला, ताप आला, पू किंवा वास आला, पोटरी दुखून सुजली, दम लागला, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, फोनवर विचारत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीला जायचं. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, सासूबाईंनासुद्धा. दिवसा घरात त्याच असणार.